पीअर रिव्ह्यूची सुनावणी चालवणारा अधिकारी कसा पारखावा: कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांसाठी

मला असे फोन बहुधा रात्री उशिरा येतात. पलीकडे आपलाच कुणी मराठी डॉक्टर असतो, कॅलिफोर्नियात पंधरा-वीस वर्षं प्रॅक्टिस केलेला. हॉस्पिटलच्या मेडिकल एक्झिक्युटिव्ह कमिटीचं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या कार्यकारी समितीचं, पत्र आलेलं असतं. प्रिव्हिलेजेस, म्हणजे त्या हॉस्पिटलात रुग्णांवर उपचार करण्याची परवानगी, काढून घेण्याची शिफारस झाली आहे, सुनावणी हवी असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी कळवा. आरोप कसे खोटे आहेत हे तो अर्धा तास सांगतो. मग मी विचारतो, ‘सुनावणी चालवणार कोण?’ उत्तर येतं, ‘आहेत कुणीतरी निवृत्त जज. हॉस्पिटलनंच नेमलेत. माणूस चांगला आहे म्हणतात.’

असेल चांगला. पण मी पीअर रिव्ह्यूच्या, म्हणजे डॉक्टरच्या कामाची इतर डॉक्टरांनी केलेल्या तपासणीच्या, सुनावण्यांमध्ये पॅनेलवर दोनदा बसलो आहे, आणि तिथं एक गोष्ट पक्की कळली. अधिकाऱ्याचा तटस्थपणा त्याच्या चेहऱ्यावरून किंवा नावलौकिकावरून जोखायचा नसतो. त्याला निवडलं कुणी, फी कोण देतं आणि पुढचं काम कुणाकडून मिळायची आशा आहे, हे तीन धागे धरून चालायचं. ते कसे शोधायचे आणि कुठल्या टप्प्यावर काय करायचं, ते इथं लिहितो. पीअर रिव्ह्यूची कामं केलेला वकील तुम्हाला लागेलच. तरी वकिलाकडे जाण्याआधी हे वाचलेलं असलं, तर पहिल्या भेटीत नेमकं काय विचारायचं ते कळेल.

एवढा आटापिटा का: अ‍ॅस्टोरियाची गोष्ट

ओरेगनमध्ये अ‍ॅस्टोरिया नावाचं लहान गाव आहे. १९७२ साली पॅट्रिक नावाचे सर्जन तिथल्या क्लिनिकमध्ये नोकरीला लागले. क्लिनिकनं भागीदारी देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि त्याच गावात स्वतःची प्रॅक्टिस थाटली. गावात हॉस्पिटल एकच, आणि त्याच्या स्टाफवर बहुसंख्य डॉक्टर त्या क्लिनिकचे. पुढे पॅट्रिक यांचे प्रिव्हिलेजेस काढण्याची कारवाई सुरू झाली. सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष क्लिनिकशी संबंधित. ‘माझ्याबद्दल तुमच्या मनात आकस आहे का, ते साक्षीत सांगा,’ अशी मागणी पॅट्रिक यांनी समितीच्या सदस्यांकडे केली. त्यांनी नकार दिला. निकालाआधीच पॅट्रिक यांनी राजीनामा दिला आणि स्पर्धाविरोधी कायद्याखाली दावा लावला. ज्यूरीनं त्या दाव्यापोटी ६,५०,००० डॉलर मंजूर केले आणि कायद्याप्रमाणे ती रक्कम तिप्पट झाली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांच्या समितीला या कायद्यापासून संरक्षण नाकारलं.

हा खटला चालू असतानाच, १९८६ साली, काँग्रेसनं आरोग्यसेवा गुणवत्ता सुधारणा कायदा केला. प्रामाणिकपणे पीअर रिव्ह्यू करणाऱ्यांना त्यानं संरक्षण दिलं. त्या बदल्यात सुनावणी घेणारी व्यक्ती संबंधित डॉक्टरची थेट व्यावसायिक स्पर्धक नसावी, अशी अट घातली. कॅलिफोर्नियानं या तरतुदींपासून वेगळं राहून १९८९ मध्ये स्वतःची कलमं केली. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडची ८०९ ते ८०९.८. तुमची लढाई या कलमांवर चालणार आहे.

पत्र हातात पडल्यावरचे पहिले काही दिवस

सुनावणीच्या मागणीची मुदत पत्रात लिहिलेली असते. ती चुकवू नका. आरोपांना उत्तर नंतरही देता येईल, सुनावणीचा हक्क गेला की परत मिळत नाही.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत, म्हणजे डॉक्टरांवरच्या कारवायांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवला जातो, आणि पुढे जिथं अर्ज कराल तिथं तो समोर येतो.

मग बायलॉज, म्हणजे हॉस्पिटलच्या मेडिकल स्टाफची (तिथं काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेची) नियमावली, काढा. बायलॉजमध्ये ‘फेअर हिअरिंग’चा भाग असतो, काही ठिकाणी त्याची वेगळी नियमावली असते. पेन्सिल घेऊन बसा आणि ही उत्तरं शोधा: हिअरिंग ऑफिसर नेमण्याचा अधिकार कुणाचा? मेडिकल स्टाफचा, एक्झिक्युटिव्ह कमिटीचा, चीफ ऑफ स्टाफचा, की हॉस्पिटलच्या प्रशासनाचा? डॉक्टरच्या संमतीची अट आहे का? वकील आणता येतो का? अधिकारी पॅनेलच्या अंतिम चर्चेत बसू शकतो का? आक्षेप घ्यायची मुदत किती? बायलॉज कायद्यापेक्षा जास्त हक्क देऊ शकतात. पण ज्या कारवाईचा अहवाल मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे डॉक्टरांना परवाना देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, जातो, त्या कारवाईत कलम ८०९.१ ते ८०९.४ मधले हक्क बायलॉजच्या आधारे काढून घेता येत नाहीत.

नेमणूक भलत्याच मंडळानं केली असं दिसलं, तर लगेच लेखी हरकत नोंदवा. पण तेवढ्यानं सगळं प्रकरण उलटेल या भरवशावर राहू नका. ‘एल-अटार विरुद्ध हॉलिवूड प्रेस्बिटेरियन मेडिकल सेंटर’ (२०१३) मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. पॅनेल आणि अधिकारी मेडिकल स्टाफनं नेमायचे होते, ते हॉस्पिटलच्या गव्हर्निंग बोर्डानं, म्हणजे संचालक मंडळानं, नेमले. कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्ट म्हणालं, बायलॉजचा असा भंग झाला म्हणून सुनावणी आपोआप अन्यायकारक ठरत नाही. त्यामुळे डॉक्टरचं प्रत्यक्षात काय बिघडलं, ते दाखवावं लागतं.

या माणसाच्या हातात नेमकं काय असतं

कायद्यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या पद्धतीनं निवडलेला लवाद. तिथं लवादच निकाल देतो. दुसरी, आणि नेहमीची, म्हणजे डॉक्टरांचं पॅनेल. पॅनेलवरच्या कुणाचाही निकालात थेट आर्थिक फायदा नसावा, त्यांच्यापैकी कुणी आधी याच प्रकरणात आरोप करणारा, तपास करणारा किंवा पहिला निर्णय घेणारा नसावा, आणि शक्य असेल तर एक जण तुमच्याच स्पेशालिटीचा असावा. सुनावणी चालवायला हिअरिंग ऑफिसर नेमला, तर कलम ८०९.२ त्याला तीन गोष्टींनी बांधून ठेवतं. निकालातून त्याला थेट आर्थिक फायदा होता कामा नये, त्यानं फिर्यादी पक्षाची किंवा वकिलाची भूमिका घ्यायची नाही, आणि त्याला मत नाही.

‘मत नाही ना, मग काळजी कसली?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो. पॅनेलवर बसल्यावर मला त्याचं उत्तर मिळालं. कुठला कागद पुराव्यात येणार, कुठल्या साक्षीदाराला किती वेळ, उलटतपासणी कुठे थांबवायची, हे सगळं हा अधिकारी ठरवतो. आम्ही पॅनेलवरचे सगळे डॉक्टर. ‘हा पुरावा विचारात घेऊ नका’ असं त्यानं म्हटलं की आम्ही मान डोलावत होतो. बऱ्याच बायलॉजप्रमाणे पॅनेलनं बोलावल्यास तो बंद दाराआडच्या चर्चेत कायदेशीर सल्लागार म्हणून बसतो आणि निकालाचा मसुदा लिहायलाही मदत करतो. लेखी निकाल काय शब्दांत उतरतो, यावर पुढचं अपील आणि कोर्ट अवलंबून असतं. म्हणून मत नसलेल्या या माणसाची पारख मी पॅनेलवरच्या मत असलेल्या डॉक्टरांपेक्षा जास्त काळजीनं करायला सांगतो.

त्याच्या अधिकाराला मर्यादाही आहे. ‘मिलेकोव्स्की विरुद्ध वेस्ट हिल्स हॉस्पिटल’ (२००९) मध्ये डॉक्टरनं कागदपत्रं दिली नाहीत म्हणून हिअरिंग ऑफिसरनं सुनावणीच गुंडाळली. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एवढा अधिकार त्याला नाही, हा निर्णय पॅनेलचा. तुमच्या बायलॉजमध्ये ‘हिअरिंग ऑफिसर प्रकरण निकाली काढू शकेल’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ते वकिलाला दाखवा.

नावं कुठून आणायची

सुनावणीची मागणी पोचल्यापासून ६० दिवसांत ती सुरू व्हायला हवी, असा कायदा आहे. पहिले आठवडे कागद गोळा करण्यातच जातात, तेव्हा नावांचा विषय तुम्हीच पहिल्या पत्रात काढा. हॉस्पिटलनं एकच नाव पाठवलं असेल तर सरळ विचारा: हे नाव कुणी सुचवलं? उत्तर बहुतेक वेळा ‘आमच्या वकिलांनी’ असं असतं. म्हणजे तुमच्याविरुद्ध केस मांडणारा वकीलच पंचाचं नाव देतोय. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण हे रेकॉर्डवर आलं पाहिजे.

मला सगळ्यात बरी वाटलेली पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजूंनी तीन-तीन नावं द्यायची, प्रत्येकाचा बायोडेटा आणि खुलासा आधी मागवायचा, मग आळीपाळीनं एकेक नाव खोडत जायचं. शेवटी उरेल तो. पहिलं नाव कुणी खोडायचं ते नाणं उडवून ठरवतात. बायलॉज ही पद्धत सक्तीची करत नसतील तर हॉस्पिटल नाकारू शकतं, तरीही लेखी प्रस्ताव ठेवा. न्याय्य पर्याय पुढे ठेवला होता आणि समोरच्यांनी कारण न देता नाकारला, हे कागदावर राहतं.

नावं निवृत्त न्यायाधीशांची असतात किंवा आरोग्य कायद्यातल्या वकिलांची. जॅम्स आणि अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन यांच्यासारख्या संस्थांकडे तटस्थांच्या याद्या असतात. निवृत्त न्यायाधीशांना पुराव्याची शिस्त असते, पण वैद्यकीय रेकॉर्ड आणि हॉस्पिटलचं अंतर्गत राजकारण त्यांना अनोळखी असू शकतं. आरोग्य कायद्यातल्या वकिलाला विषय माहीत असतो, पण त्याचे अशील बघावे लागतात. आयुष्यभर फक्त हॉस्पिटलांची बाजू मांडलेला असेल तर तो तुम्हाला नको. आयुष्यभर फक्त डॉक्टरांची मांडलेला असेल तर हॉस्पिटलला नको, आणि त्यांचीही हरकत रास्तच आहे. दोन्ही बाजूंची कामं केलेला शोधा.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती आपल्या माणसांकडून वारंवार होते. ‘अमुक वकील आपले आहेत, मंडळाच्या गणपतीत भेटतात, त्यांचं नाव सुचवू का?’ सुचवू नका. ओळख लपवलीत आणि ती सुनावणीच्या मध्यावर बाहेर आली, तर अधिकारी बदलेल, तुमच्या शब्दाची किंमत जाईल आणि महिने वाया जातील. तटस्थ म्हणजे तुमच्यासाठीही परका.

पैशाचा प्रश्न

बहुतेक ठिकाणी अधिकाऱ्याची तासाप्रमाणे होणारी फी हॉस्पिटल भरतं. ‘पैसे त्यांचे, म्हणजे माणूस त्यांचा’ एवढ्या युक्तिवादावर कोर्ट त्याला हटवत नाही. खरा प्रश्न पुढच्या कामाचा आहे. त्यावर कॅलिफोर्नियाचा कायदा तीन निकालांतून घडला.

पहिला ‘हास विरुद्ध सॅन बर्नार्डिनो काउंटी’, २००२. हॉस्पिटलशी काही संबंध नाही, मसाज क्लिनिकच्या परवान्याचं प्रकरण. काउंटीनं एका वकिलाला तात्पुरता सुनावणी अधिकारी म्हणून नेमलं. पुढची कामं मिळणं काउंटीच्या मर्जीवर. सुप्रीम कोर्ट म्हणालं, जो पक्ष खूश झाला तरच पुढचं काम मिळेल, त्याच्याच प्रकरणात असा माणूस बसवणं योग्य प्रक्रियेत बसत नाही. उपायही कोर्टानंच सुचवला. एकदा नेमलेल्या माणसाला ठरावीक काळ पुन्हा नेमायचं नाही, म्हणजे मोह राहणार नाही.

दुसरा ‘याकूब विरुद्ध सॅलिनास व्हॅली मेमोरियल’, २००४. अपील कोर्टानं हाच विचार हॉस्पिटलच्या सुनावणीला लावला. त्याच हॉस्पिटलचं काम वारंवार केलेल्या निवृत्त न्यायाधीशाबाबत पक्षपाताचा नुसता आभासही पुरे, असा सूर त्यात होता. डॉक्टरांचे वकील पुढे कित्येक वर्षं या निकालाचा आधार घेत.

मग २०२१ मध्ये ‘नटराजन विरुद्ध डिग्निटी हेल्थ’. स्टॉकटनच्या सेंट जोसेफ मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरचे प्रिव्हिलेजेस काढले होते. ते हॉस्पिटल डिग्निटी या साखळीचं, आणि हिअरिंग ऑफिसरनं डिग्निटीच्या इतर हॉस्पिटलांतही सुनावण्या चालवल्या होत्या. त्यांच्या करारात तीन वर्षं सेंट जोसेफचं काम न घेण्याची अट होती, पण साखळीतल्या बाकीच्या हॉस्पिटलांना ती लागू नव्हती. डॉक्टरच्या बाजूचं म्हणणं, मालक एकच आहे, दरवाजा बदलला म्हणून काय झालं? सुप्रीम कोर्टानं डॉक्टरच्या विरुद्ध निकाल दिला आणि याकूबमधली ‘आभासा’ची कसोटी बाजूला सारली. आता प्रत्यक्ष पक्षपाताचा असह्य धोका निर्माण होईल एवढं आर्थिक आमिष दाखवावं लागतं. पुढच्या कामाची शक्यता आपोआप अपात्र ठरवत नाही. पण काही परिस्थितीत ती ठरवू शकते, हे दारही कोर्टानं उघडं ठेवलं आहे.

मला व्यक्तिशः साखळीबद्दलचा तो युक्तिवाद पटतो. पण पटणं वेगळं आणि कायदा वेगळा. आज तुम्ही ‘हॉस्पिटल पैसे देतं’ एवढंच म्हणालात तर हरणार. या अधिकाऱ्याच्या गेल्या काही वर्षांच्या कामातला किती वाटा या एका मालकाकडून आला, पुढची नेमणूक करणारा माणूस कोण, ती मिळायची शक्यता किती, हे आकड्यांनिशी मांडावं लागेल. म्हणून खुलासा मागणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत महत्त्वाचं काम झालं आहे.

खुलाशाच्या पत्रात मी हे प्रश्न घालायला सांगतो:

- या हॉस्पिटलसाठी, आणि त्याच्या मालक संस्थेच्या कुठल्याही हॉस्पिटलसाठी, आजवर किती सुनावण्या चालवल्या? गेल्या पाच वर्षांत किती?
- त्यातून मिळालेली फी तुमच्या एकूण व्यावसायिक उत्पन्नाच्या अंदाजे किती टक्के?
- त्या प्रत्येक वेळी तुमचं नाव कुणी सुचवलं होतं? कमिटीच्या आत्ताच्या वकिलांच्या फर्मनं किती वेळा?
- तुम्ही किंवा तुमच्या फर्मनं या संस्थेचं, तिच्या मेडिकल स्टाफचं किंवा विमा कंपनीचं काम केलं आहे का?
- हॉस्पिटलच्या बोर्डावर, फाउंडेशनवर, देणगीदारांच्या यादीत तुम्ही किंवा घरचं कुणी आहे का?
- या प्रकरणाबद्दल नेमणुकीआधी कुणाशी, काय बोलणं झालं?

उत्तर लेखी घ्या. ‘कुठलाही हितसंबंध नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर समाधान मानू नका, प्रश्नांचे क्रमांक घालून पुन्हा पाठवा.

सोबत नेमणुकीच्या कराराची प्रत मागा. त्यात मला तीन गोष्टी दिसायला हव्यात. फी निकालावर किंवा सुनावणी लवकर आटोपण्यावर अवलंबून नसावी. पुढची ठरावीक वर्षं या संस्थेचं काम न घेण्याची अट असावी, आणि ती एका इमारतीपुरती न ठेवता पूर्ण साखळीला लागू असावी. कायदा एवढं सक्तीचं करत नाही, पण मागायला बंदी नाही, आणि मागितल्यावर मिळाल्याचं मी पाहिलं आहे. तिसरं, एका बाजूशी दुसऱ्या बाजूच्या अपरोक्ष बोलणार नाही, असं त्यानं लिहून द्यावं. अर्धी फी आपण भरावी का, असं काही जण विचारतात. परवडत असेल आणि त्या बदल्यात निवडीत बरोबरीचा वाटा मिळत असेल, तरच.

समोरासमोर प्रश्न

पॅनेलला आणि अधिकाऱ्याला प्रश्न विचारून पारखण्याचा हक्क कलम ८०९.२ मध्येच आहे. याला तिथं ‘व्ह्वार दीर’ म्हणतात. हे सत्र सुनावणीच्या पहिल्या संध्याकाळी घाईत उरकायची पद्धत पडली आहे. वेगळी वेळ मागा आणि कोर्ट रिपोर्टर हजर असल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका. नोंद झाली नाही तर पुढे कोर्टाला दाखवायला काहीच उरत नाही.

‘तुम्ही निःपक्षपाती राहाल का?’ हा प्रश्न फुकट जातो, कारण त्याला ‘नाही’ म्हणणारा जन्मायचा आहे. उघडे प्रश्न विचारा. मागच्या सुनावण्यांत पॅनेलच्या चर्चेत तुम्ही बसला होता का, आणि तिथं काय काम केलंत? निकालाचा मसुदा कोण लिहितं? डॉक्टरनं मागितलेले कागद द्यायचा आदेश तुम्ही कमिटीला शेवटचा कधी दिला होता? हे विचारताना आवाज सौम्य ठेवा. पॅनेल ऐकत असतं, आणि डॉक्टरवरचा आरोप उद्धट वागणुकीचा असेल तर तिथंच त्याच्याबद्दल मत बनायला लागतं.

आक्षेप

इथं एक विचित्र गाठ आहे. कुणाच्याही तटस्थपणावर आक्षेप घेतला, तर निर्णय अध्यक्षस्थानी असलेला अधिकारी देतो. म्हणजे त्याच्यावरच्या आक्षेपाचा निवाडाही तोच करतो. पुष्कळ डॉक्टर हे कळल्यावर ‘मग उपयोग काय?’ म्हणून गप्प बसतात. ही चूक महागात पडते. आक्षेप फेटाळला जाईल हे धरूनच तो घ्यायचा असतो, कारण वेळेवर न घेतलेला आक्षेप कोर्टात सहसा ऐकला जात नाही.

तो लेखी असावा, सुनावणी सुरू व्हायच्या आधी द्यावा, प्रत्येक मुद्द्याला कागद जोडावा. माणसाच्या चारित्र्यावर एक शब्द लिहू नका. आकडे, तारखा, नेमणुका आणि त्यातून निर्माण होणारा धोका, एवढंच. कारणांसह लेखी निर्णय मागा. सुनावणी चालू असताना नवीन काही उघड झालं, तर त्याच दिवशी आक्षेप पुन्हा नोंदवा. आणि आक्षेप फेटाळला तरी सुनावणीतून उठून जाऊ नका. अंतर्गत मार्ग संपवल्याशिवाय कोर्ट दार उघडत नाही, हा दंडक वेस्टलेक कम्युनिटी हॉस्पिटलच्या १९७६ च्या निकालापासून पक्का आहे.

तुम्ही कमिटीत असाल तर

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण टेबलाच्या त्या बाजूलाही असतील. पीअर रिव्ह्यू हवाच. वाईट सर्जनला थांबवणं हे आपलंच काम आहे, आणि ते करणाऱ्याला मी नेहमी पाठिंबा देईन. म्हणूनच सांगतो, अधिकाऱ्याची यादी भांडण नसताना तयार करा. पाच-सहा नावं, ठरलेला क्रम, एकदा काम झालं की ठरावीक काळ विश्रांती, हे बायलॉजमध्येच घाला. केस मांडणाऱ्या वकिलाला नावं सुचवू देऊ नका. मेडिकल स्टाफला हॉस्पिटलपेक्षा वेगळा, स्वतःचा वकील नेमण्याचा हक्क कलम २२८२.५ देतं, तो वापरा. डॉक्टरनं वकील आणला नसेल तर कमिटीलाही वकील उभा करता येत नाही, हे लक्षात असू द्या. अशा सुनावणीत तर अधिकाऱ्याचा कल फारच उघडा पडतो.

फाइल कशी ठेवायची

निकाल विरुद्ध गेला आणि अंतर्गत अपीलही संपलं, की पुढचा टप्पा सुपीरियर कोर्टात सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १०९४.५ खालची याचिका. कोर्ट तिथं सहसा नवे साक्षीदार ऐकत नाही, सुनावणीचं रेकॉर्ड वाचतं. म्हणून पहिल्या पत्रापासून एक वेगळी फाइल ठेवा, फक्त अधिकाऱ्याच्या निवडीची. नावांचा प्रस्ताव, आलेलं उत्तर, खुलाशाचे प्रश्न, नेमणुकीचा करार, व्ह्वार दीरची नोंद, आक्षेप, त्यावरचा निर्णय, सगळं तारीखवार. आणि सुनावणीच्या पहिल्याच दिवशी त्यातला प्रत्येक कागद क्रमांक देऊन रेकॉर्डवर घ्यायला लावा. तो तुमच्या कपाटात राहिला, तर कोर्टाच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो.